२०११ च्या आकड्यावर चाललेलं पुणे, आणि जनगणनेचं एवढं काय असतं

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन विचारा, महाराष्ट्राची लोकसंख्या किती, तर पुस्तकातून मान वर न काढता उत्तर येईल, ११ कोटी २४ लाख. लिंग गुणोत्तर? ९२९. साक्षरता? ८२ टक्के आणि वर थोडं. एमपीएससीची पोरं-पोरी हे जे घोकतायत ते सगळं २०११ च्या जनगणनेचं आहे, म्हणजे यातले बरेच जण तेव्हा तिसरी-चौथीत होते, आता स्वतः मतदार झाले, कॉट बेसिसवर राहून भाडं भरायला लागले, तरी उत्तरपत्रिकेत राज्याची लोकसंख्या जिथल्या तिथे.

आपल्याकडे सगळ्या देशात एकाच वेळी अशी पहिली जनगणना झाली १८८१ मध्ये. तिथून दर दहा वर्षांनी, न चुकता. १९३१ ला सविनय कायदेभंग चालू होता तरी झाली, १९४१ ला दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं तरी झाली (आकड्यांची छाननी कापली, पण मोजणी झाली). चुकली ती २०२१ ची. आधी कोविड होता ते ठीकच, पण कोविड गेल्यावरही तारखा पुढेच जात राहिल्या. शेवटी जून २०२५ मध्ये अधिसूचना निघाली, आधी २०२६ मध्ये घरयादी आणि मग माणसं मोजायची ती १ मार्च २०२७ ही तारीख धरून. लडाख, हिमाचल वगैरे बर्फाच्या भागात ऑक्टोबर २०२६. म्हणजे दोन मोजण्यांमध्ये सोळा वर्षांचं अंतर.

आता कुणी म्हणेल त्यात काय मोठं, एक आकडा उशिरा आला. लोकसंख्या वाढलीय हे तर सिंहगड रोडला संध्याकाळी उभं राहिलं तरी कळतं.

पण गंमत अशी की लोकसंख्येचा आकडा एकटा कधी वापरतच नाहीत, तो जवळपास नेहमी भागाकारात खाली असतो. दरडोई पाणी, दरडोई उत्पन्न, हजारी किती जन्म, लाखामागे किती दवाखान्यातल्या खाटा. वरचा आकडा म्हणजे अंश दरवर्षी ताजा येतो, बजेट ताजं, पाण्याचं मीटर ताजं, आणि खाली छेद मात्र २०११ चा किंवा त्यावरून कुणीतरी अंदाजाने पुढे ओढलेला. शाळेत अपूर्णांक शिकलेल्या कुणालाही कळेल की छेद लहान लिहिला की उत्तर उगाच फुगतं. जे आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

पुण्याचं पाणी घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं, त्यातून शहर पितं आणि त्याच साखळीतून कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला पाणी जातं. शहराला किती द्यायचं हे ठरतं माणशी लिटरच्या निकषावर, म्हणजे निकष गुणिले लोकसंख्या. निकष कागदावर आहे. लोकसंख्या किती हाच वाद आहे. महापालिका म्हणते गावं आलीत, आयटीवाले आलेत, रोज बाहेरून येणारी माणसं आहेत, आमची लोकं एवढी धरा. जलसंपदा विभाग म्हणतो एवढी कशावरून, तुम्ही ठरल्यापेक्षा जास्त उचलताय. दोघांच्या मध्ये इंदापूरचा शेतकरी उभा, त्याचं उन्हाळी आवर्तन या भांडणावर लटकलेलं. ताजी मोजणी असती तर पाणी वाढलं नसतं हे खरं, पण निदान भांडण पाण्यावर झालं असतं, माणसं किती यावर नाही.

२०११ ला पुणे महापालिकेची लोकसंख्या होती ३१ लाख २४ हजार. त्यानंतर २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. या गावांचा आकडा कुठून आणायचा? तोही २०११ चाच, म्हणजे वाघोली, म्हाळुंगे, सूस ही गावं जेव्हा बऱ्यापैकी गावंच होती तेव्हाचा. २०२५ मध्ये महापालिका निवडणुकीसाठी प्रभाग पाडले, ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक, ते जुनी हद्द आणि हद्दीत राहिलेली नवी गावं यांची बेरीज करून सुमारे ३४ लाख ८० हजार लोकसंख्येवर. आणि मतदार यादीत नावं किती निघाली? साडेपस्तीस लाखांच्या आसपास. म्हणजे कागदोपत्री या शहरात एकूण माणसांपेक्षा १८ वर्षांवरची माणसं जास्त आहेत, लहान मुलं बहुतेक उणे आहेत! यादीत दुबार नावं होती, त्यावरून आरडाओरडाही झाला, पण ती वजा केली तरी हिशेब जुळत नाही तो नाहीच.

रेशनचं तर याहून वाईट. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा सांगतो की ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्य पोचवायचं, आणि ही टक्केवारी काढायची जी शेवटची जनगणना प्रसिद्ध झालीय तिच्यावर. त्यातून आकडा आला देशात ८१ कोटींच्या वर, महाराष्ट्राच्या वाट्याला साधारण ७ कोटी. हा झाला इष्टांक. पुरवठा कार्यालयात गेलेल्या कुणालाही हा शब्द माहीत आहे कारण तिथे उत्तरच ते मिळतं, इष्टांक संपलाय, जागा झाली की बघू. जागा होणार कधी, तर कुणाचं नाव कमी झालं की. २०११ नंतर जन्मलेलं मूल, लग्न होऊन आलेली सून, मराठवाड्यातून येऊन बांधकामावर लागलेलं कुटुंब, हे सगळे त्या गोठलेल्या आकड्याच्या दारात उभे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी २०२० मध्येच हिशेब मांडला होता की जुन्या जनगणनेमुळे देशभरात १० कोटींहून जास्त लोक या कायद्याच्या बाहेर राहिलेत. लोकसंख्याशास्त्र वगैरे जड शब्द वापरले की हे सगळं पुस्तकी वाटतं, पण आहे हे गव्हाच्या पोत्याचं प्रकरण.

आणि मग सत्ता. लोकसभेच्या कुठल्या राज्याला किती जागा हे अजूनही १९७१ च्या जनगणनेवर चाललंय, तेव्हा देश ५५ कोटींचाही नव्हता. हे विसरल्यामुळे नाही, मुद्दाम गोठवलंय. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ठरलं की कुटुंबनियोजन नीट करणाऱ्या राज्यांचं खासदार कमी होऊन नुकसान नको, म्हणून २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागा तशाच ठेवा, पुढे ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ढकलली. आता २०११ चेच आकडे घेऊन साधा भागाकार करा, केरळमध्ये एका खासदारामागे १७ लाखांच्या आत माणसं, महाराष्ट्रात २३ लाखांच्या वर, राजस्थानात २७ लाख. सगळ्यांचं मत सारखं म्हणायचं तर राजस्थानला जागा वाढवून द्याव्या लागतील, आणि केरळ म्हणणार आम्ही दोन मुलांवर थांबलो ही चूक झाली का. दोघांचंही बरोबर आहे, हीच तर पंचाईत. म्हणून मार्च २०२७ या तारखेकडे दक्षिणेतल्या राज्यांचं एवढं बारीक लक्ष आहे. महिलांना लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारी २०२३ ची घटनादुरुस्तीही जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ फेररचना यांनाच बांधलेली आहे.

पैशाचंही तसंच. केंद्राच्या करातला वाटा राज्यांना देताना १५ व्या वित्त आयोगाने २०११ ची लोकसंख्या धरली आणि दक्षिणेची ओरड नको म्हणून लोकसंख्या आटोक्यात ठेवल्याबद्दल वेगळं साडेबारा टक्के वजन दिलं. मोजणीची भीती फक्त आपल्यालाच आहे असं नाही हां, लेबनॉनमध्ये शेवटची जनगणना झाली १९३२ ला, कारण तिथे कुठल्या धर्मपंथाकडे कुठलं पद हे वाटून घेतलेलं आहे आणि पुन्हा मोजलं तर ती वाटणी उखडेल याची सगळ्यांना धास्ती.

पण मला स्वतःला जनगणनेतली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती एकूण बेरीज नाही, रकाने. कारण सरकारला जे रकान्यात दिसतं त्याचंच धोरण होतं. २०११ च्या घरयादीत दिसलं की ६३ टक्के घरांत फोन आहे आणि घराच्या आवारात संडास मात्र ४७ टक्क्यांकडे, पुढे कित्येक वर्षं संडासावरच्या प्रत्येक भाषणात ही तुलना आली. सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचा रकाना वेगळा होता म्हणून कळलं की बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८०७ च मुली उरल्यात. एकूण लिंग गुणोत्तरात हे असं उघडं पडत नाही, ते दुसऱ्या कारणांनीही हलतं, म्हणजे रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका दिसतात, त्याचं मोठं कारण म्हणजे तिथले पुरुष मुंबईला. पण सहा वर्षांची मुलं नोकरीला जात नाहीत, तो आकडा घसरला म्हणजे सोनोग्राफी सेंटरमध्ये काय चाललंय ते बघा. बेटी बचाओ, बेटी पढाओ योजना २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिले १०० जिल्हे याच रकान्यावरून निवडले, बीड त्यात होतंच. त्याच २०११ ला स्त्री-पुरुष याशिवाय ‘इतर’ असा पर्याय पहिल्यांदा आला, ४ लाख ८८ हजार लोक त्यात नोंदले गेले.

इतिहाससुद्धा रकान्यात सापडतो. १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या भागात बौद्ध म्हणून नोंद होती काही हजारांची, १९६१ मध्ये ती झाली जवळपास २८ लाख. मधे १९५६ चं नागपूर आहे. बाबासाहेबांच्या मागे किती माणसं उभी राहिली याचा इतका कोरडा आणि इतका ठाम पुरावा दुसरा नसेल. आणि त्याच रकान्याने अडचणही केली, कारण धर्म बौद्ध लिहिला की केंद्राच्या नियमात तो माणूस अनुसूचित जातीत धरत नसत, ते बदललं १९९० मध्ये. राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, म्हणजे तुम्ही काय लिहिता याचे परिणाम तुमच्या नंतरच्या पिढीवरही.

आता जात. याशिवाय हा विषय पूर्णच होत नाही आणि आपल्या राज्यात तर नाहीच. सगळ्या जातींची मोजणी होऊन आकडे छापले गेले ते शेवटचे १९३१ मध्ये. स्वतंत्र भारताने फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या, बाकी नाही. त्यामुळे मंडल आयोगाने १९८० मध्ये ओबीसी ५२ टक्के हा जो आकडा दिला तो १९३१ च्या पायावर उभा केलेला अंदाज होता, आणि गेली चाळीसेक वर्षं दोन्ही बाजूचे लोक त्याच अंदाजावर भांडतायत. २०११ ला सामाजिक-आर्थिक आणि जात सर्वेक्षण असं वेगळं झालं, पण जात प्रत्येकाने आपल्या मनाने सांगायची अशी पद्धत होती, मग कोणी जात सांगितली, कोणी पोटजात, कोणी कुळी, कोणी नुसतं आडनाव, एकाच जातीची स्पेलिंगं दहा. केंद्राने २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं की ४६ लाख वेगवेगळ्या जाती निघाल्यात, १९३१ ला होत्या ४,१४७! सबब आकडे वापरण्यालायक नाहीत.

याचा फटका आपल्याला थेट बसला. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणाला ब्रेक लावला आणि म्हणाले आधी इम्पिरिकल डेटा, म्हणजे प्रत्यक्ष पाहणी करून काढलेली आकडेवारी, आणा. तेव्हापासून हा शब्द गावच्या पारावरसुद्धा पोचला, टीव्हीवर तर दिवसरात्र तेच. डेटा नव्हताच, कारण मोजलंच नव्हतं. मग राज्याने बांठिया आयोग नेमला, आणि योगायोग बघा, जयंतकुमार बांठिया म्हणजे २००१ च्या जनगणनेचे देशाचे जनगणना आयुक्त, मोजणी कशी करतात हे ज्यांना सगळ्यात जास्त माहीत त्यांच्याच आयोगाला मतदार यादीवरून अंदाज बांधायची वेळ आली. आडनावावरून जात ओळखण्यावर भरपूर टीका झाली आणि ती रास्तच होती, महाराष्ट्रात पवार, जाधव, गायकवाड, शिंदे ही आडनावं किती जातींत आहेत ते सांगायला आयोग कशाला हवा. अहवालात ओबीसी ३७ टक्के आले. ५२ कुठे, ३७ कुठे. पुढे २०२४ च्या सुरुवातीला मराठा समाजाच्या मागासलेपणाचा सर्व्हे घरोघरी झाला, तोही काही दिवसांत उरकलेला. दर वेळी नव्याने खड्डा खणायचा असा हा प्रकार. आता एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने ठरवलंय की येत्या जनगणनेतच सगळ्यांची जात विचारायची. माझं मत विचाराल तर मोजणं योग्यच आहे, न मोजल्याने जात नाहीशी झाली असती तर ती १९३१ नंतर केव्हाच झाली असती. पण रकाना कसा लिहितात, यादी आधी देतात का मोकळं सोडतात, यावर सगळं अवलंबून आहे, नाहीतर पुन्हा ४६ लाख.

मोजतात कसं हेही बघू. बहुतेक वेळा शाळेतले शिक्षक आणि सरकारी कर्मचारी प्रगणक असतात, प्रत्येकाला साधारण सहा-आठशे माणसांचा एक तुकडा. कुटुंब कोणाला म्हणायचं, तर एका स्वयंपाकघरात जेवणारे. म्हणजे वाड्यात दोन भाऊ वेगवेगळं शिजवत असतील तर दोन कुटुंबं, आणि एकाच फ्लॅटमध्ये एकमेकांचे कोणी नसलेले चार आयटीवाले एका मावशींच्या हातचं खात असतील तर ते एक. आणि तुम्ही मोजणीच्या काळात जिथे राहताय तिथे तुमची नोंद, मूळ गावी नाही. लातूरचा मुलगा पेठेत कॉट बेसिसवर आहे, तो पुणेकर म्हणून मोजला जाणार, त्याला आवडो न आवडो, आणि पुणेकरांनाही.

हा नियम ऐकायला साधा आहे पण त्यात मोठं राजकारण दडलंय. मोजणी असते फेब्रुवारीत. फेब्रुवारीत बीडचा ऊसतोड कामगार कुठे असतो? फडात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, गाळप हंगाम संपलेला नसतो. मोजणीच्या पूर्ण काळात तो घरी नसेल तर गावात त्याची नोंद होत नाही, जिथे कोपी टाकलीय तिथे व्हायला पाहिजे. तिथला प्रगणक उसाच्या फडापर्यंत गेला तर. नाही गेला तर तो माणूस दोन्हीकडून गळला. अशी गळती सगळीकडे थोडी असतेच, म्हणून जनगणनेनंतर लगेच एक तपासणी सर्व्हे होतो, त्यात २०११ ला हजारी २३ माणसं सुटल्याचं निघालं. १२१ कोटींच्या देशात हजारी २३ म्हणजे दोन कोटींहून जास्त होतात, पण प्रमाण म्हणून हे वाईट काम नाही. वयाचं मात्र विचारू नका, आपल्याकडे लोक ४०, ४५, ५०, ५५ अशीच वयं सांगतात, ४३ वर्षांची माणसं देशात एकदम कमी, त्यामुळे अभ्यासकांना ते डोंगर-दऱ्या गणिताने सपाट करत बसावं लागतं.

मग एवढा खटाटोप करण्यापेक्षा सॅम्पल सर्व्हे का नाही, असं हुशार लोक विचारतात. होतात की. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आहे, त्याच्या २०१९-२१ च्या फेरीतून कळलं की महाराष्ट्रात आता एका बाईमागे सरासरी १.७ मुलं, म्हणजे लोकसंख्या स्फोटाची भाषणं करणाऱ्यांनी जरा थांबायला हरकत नाही. पुण्याला तर या कामाची जुनी परंपरा आहे, गोखले इन्स्टिट्यूटमध्ये धनंजयराव गाडगिळांनी १९३० च्या दशकातच शहरातल्या कुटुंबांची आर्थिक पाहणी केली होती. पण सॅम्पल काढायचं कशातून? गावांची आणि वॉर्डांची यादी लागते, कुठे किती घरं याची, आणि ती यादी येते जनगणनेतून. २०११ च्या यादीतून सॅम्पल काढलं तर बावधनच्या पलीकडचे नवे टॉवर त्यात त्यांच्या वाटणीचे येतच नाहीत. शिवाय सॅम्पल राज्याचं सांगतं, फार तर जिल्ह्याचं, तुमच्या गावातल्या तुमच्या वस्तीत किती घरांना नळ आहे हे फक्त घरोघर गेल्यावरच कळतं.

या वेळची मोजणी मोबाईल ऍपवर आहे आणि आपली माहिती आपण स्वतः ऑनलाइन भरायची सोयही आहे. सोसायट्यांमध्ये खरी अडचण वेगळीच येते, वॉचमन वर सोडत नाही, फ्लॅट बंद, भाडेकरूचा करार केलेला नाही म्हणून मालक सांगतो की कोणी राहत नाही म्हणा. ही भीती फुकटची आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानुसार तुमची नोंद कोणाला बघता येत नाही आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून चालत नाही, फौजदारीतही फक्त याच कायद्याखालचा खटला सोडून. इन्कम टॅक्सवाल्यांनाही नाही आणि सोसायटीच्या चेअरमनलाही नाही. उलट उत्तर नाकारलं तर हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

याच कायद्याच्या ८ व्या कलमात एक सवलत आहे जी अजून कोणी काढलेली नाही, की रूढीने जे नाव घ्यायचं नसतं ते, म्हणजे नवऱ्याचं नाव, सांगण्याची सक्ती बाईवर करता येणार नाही. उखाण्याशिवाय नाव न घेणाऱ्या आज्या आता किती उरल्यात कोण जाणे, पण त्यांची सोय आहे. वयाला मात्र सवलत नाही, ते विचारलं की सांगायचं, आणि जमलं तर पाच-शून्याच्या पुढेमागे.